खालची पट्टी

भाऊरावकाकांचा सिनेमा पोस्टानं यायचा आणि येऊन पडायचा माझ्या काउंटरवर. माझं दुकान कशाचं, तर सीडी भाड्यानं द्यायचं. खानावळवाल्याच्या ओट्यावर दुसऱ्याच खानावळीचा डबा ठेवून जावा आणि तो गिऱ्हाइकाला पोचवायचाही त्यानंच, तसला हा प्रकार. पण पोस्टमन गोविंदा ऐकायला तयार नव्हता.

“काका गाडीवर, काकू मळ्यात, घराले कुलूप. मी काय पाकीट घेऊन त्या व्हॅनच्या मांगं धावू?” असं म्हणून तो पाकीट ठेवायचा आणि बरणीतली एक गोळी उचलून निघून जायचा. गोळी माझ्या खात्यावर.

मोबाइलवर सिनेमे दिसायला लागले त्याच्या आधीची, दोन हजार अकरा-बाराची ही गोष्ट. अमडापूरच्या स्टँडसमोर माझं ‘गोकुळ सीडी सेंटर’ होतं. अर्धं दुकान सीड्यांचं, अर्धं रिचार्जचं. भाऊराव शेजारच्या आळीतले. एसटीत ड्रायव्हर होते, धाड-औरंगाबाद रस्त्यावर उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी एक मारुती व्हॅन घेतली आणि गावातली लेकरं चिखलीच्या इंग्रजी शाळेत न्यायला सुरुवात केली. माझी छकुलीही त्यात होती. तिचे पैसे काका घ्यायचे नाहीत. त्या बदल्यात त्यांचा डीव्हीडी प्लेअर अडला की मी जायचं, असा आमचा तोंडी करार. करार माझ्या फायद्याचा होता. प्लेअर क्वचित अडायचा, शाळा रोज भरायची.

पोस्टाची भानगड अशी होती. पुण्याच्या एका कंपनीला महिन्याला पैसे भरायचे आणि पाहिजे त्या सिनेमांची यादी कंप्युटरवर देऊन ठेवायची. कंपनी दोन डीव्हीड्या पाकिटात घालून धाडणार. बघून झाल्या की त्याच पाकिटात परत टाकायच्या, तिकीट लावायची गरज नाही. त्या पोचल्या की पुढच्या दोन निघणार. पैसे भरायचा आणि यादी करायचा काकांचा मुलगा चंद्रशेखर, पुण्याला बसून.

मी त्याचा हिशोब मांडून पाहिला होता. पाकीट पुण्याहून निघून, वाटेत दोन-तीन पोस्टांत मुक्काम करत अमडापूरला यायचं. तितकेच दिवस जायला. म्हणजे महिन्याला फार तर दोन फेऱ्या, सिनेमे चार. तेवढ्या पैशात माझ्याकडून माणसानं रोज एक न्यावा आणि वर ब्लँक सीडी फुकट मागावी. हे मी काकांना दर पाकिटामागं एकदा ऐकवायचो.

“काका, परवडते का हे? सांगा बरं.”

“तुह्याकडचे सिनेमे म्या आवाज बंद करून पाह्यले तरी समजतात. त्याचे काय पैसे देऊ बे?”

एवढं बोलून ते पाकीट खिशात घालत आणि व्हॅनकडं चालू लागत. व्यापाऱ्याचा अपमान कसा करावा, हे एसटीच्या माणसाकडून शिकावं.

खरं कारण मला माहीत होतं. चंद्रशेखर तलाठ्याच्या परीक्षेत पास झालेला. सगळ्या आळीला पेढे वाटून झाले आणि पोरगा म्हणाला, मी नोकरी धरत नाही, पुण्याला जाऊन सिनेमाचं एडिटिंग शिकतो. काकांनी विचारलं, म्हणजे काय करतात? तो म्हणाला, शूटिंगचे तुकडे जोडतात. “म्हणजे टेलरकी,” काका म्हणाले, आणि तिथून पुढं दोन वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. बेबीकाकू माझ्या दुकानातून चोरून फोन लावायच्या. मग एका दिवाळीत पुण्याहून खोकं आलं. आत प्लेअर, आणि मागोमाग गोविंदाच्या हातून पहिलं पाकीट. चिठ्ठीत एवढंच होतं, की बाबा, मी काय शिकतो ते तुम्ही बघा तरी.

काकांनी आठवडाभर खोकं उघडलं नाही. मग उघडलं. पुढच्या रविवारी चंद्रशेखरचा फोन आला तेव्हा काका स्वतः बोलले, सिनेमावर. दुसरं काही नाही. तब्येत नाही, लग्न नाही, नोकरी तर नाहीच. नुसता सिनेमा. मग दर रविवारी तेच. परदेशी सिनेमा असला तर खाली इंग्रजीची पट्टी चालायची. काकांचं मॅट्रिकचं इंग्रजी. ते दर वाक्याला सिनेमा थांबवायचे, डिक्शनरी बघायचे आणि मग त्या माणसांना पुढं बोलायची परवानगी द्यायचे. दोन तासांचा सिनेमा लोडशेडिंग धरून तीन दुपारी पुरायचा. चुकीच्या जागी तुकडा जोडला असं वाटलं, तर रविवारी त्यावर वाद घालायचे. पोरगा हरला की काका दुकानात येऊन मला चहा पाजायचे.

म्हणजे हिशोब चार सिनेमांचा नव्हता. ते मला तेव्हाही कळत होतं. पण माझं दुकान रिकामं पडत चाललं होतं, आणि कळलेलं सगळं बोलून दाखवायला मी काही शाळामास्तर नव्हे.

त्या पावसाळ्यानंतर काकांची कुरकुर सुरू झाली.

“कंपनी चोर झाली, गोकुळ. पट्टी द्यायची बंद केली. माणसं बोलून राह्यले, बोलून राह्यले, अन् खाली काईच नाई. आपण काय पाह्यचं, त्यायचे ओठ?”

“मी काय म्हणत होतो?” मी म्हणालो.

“पैसे तेवढेच घेतात पण.”

“बंद करा. मी आहे ना.”

त्यांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढून पाहिली. पट्टी आली नाही. आणखीही काही गोष्टी माझ्या नजरेला पडत होत्या, सांगून ठेवतो. काकूंनी बाजूनं पुढं केलेला चहा त्यांना दिसायचा नाही, त्या ‘घ्या ना हो’ म्हणेपर्यंत. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. व्हॅनच्या डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा आला होता. विचारलं तर म्हणाले, शाळेवाल्यांनी गेट पुढं सरकवलं. मी हे सगळं पाहिलं, पण बेरीज केली नाही. गेट कोण सरकवतं?

मग तो रविवार आला. प्लेअरची वायर बसवायला मी त्यांच्याकडंच होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला होता. त्या पाकिटातला एक सिनेमा एका म्हाताऱ्याचा होता. तो भिंतीवरचं मोठं घड्याळ पाठीला बांधून गावोगाव हिंडतो.

“मले नाई पटला,” काका म्हणाले. “एक घड्याळ विकायले एवढे गाव पालथे घालते का कोणी? कबाड्याले देऊन टाकावं.”

चंद्रशेखरनं पलीकडून सावकाश सांगितलं.

“बाबा, तो घड्याळ विकत नाहीये. बायको गेली त्या दिवशी ते बंद पडलं. दुरुस्त करणारा शोधतोय तो.”

“मंग तसं लिहा ना खाली! पट्टीच नाई तर मले काय सपन पडते?”

“पट्टी आहे, बाबा. मी स्वतः बघितल्याशिवाय यादीत टाकत नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?”

“तसं नाही. पण बघायचंच नसेल तर सरळ सांगा. उगाच कंपनीवर कशाला?”

“मंग सरळच सांगतो. बंद कर ते. पैसा पाण्यात चालला.”

“बरं,” चंद्रशेखर म्हणाला. “करतो बंद.” आणि फोन ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. बेबीकाकू पदराला हात पुसत आतून आल्या, फोनकडं पाहिलं आणि परत आत गेल्या.

मी वायर गुंडाळत होतो. खरं सांगायचं तर मनातल्या मनात दुकानाच्या वहीत काकांच्या नावाचं पान उघडून बसलो होतो.

सोमवारी काकांनी शेवटचं पाकीट परत टाकायला माझ्याकडं दिलं. गोविंदा यायला वेळ होता, गिऱ्हाईक नव्हतं, वीज होती. कंपनीची चोरी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावी म्हणून मी म्हाताऱ्याच्या सिनेमाची डिस्क दुकानातल्या टीव्हीवर लावली.

म्हातारा निघाला, पाठीला घड्याळ. शेजारणीनं त्याला काहीतरी विचारलं. आणि खाली, पडद्याच्या तळाला, पट्टी आली. पिवळी, ठसठशीत. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढी.

मी सिनेमा पुढं नेला. पट्टी. आणखी पुढं नेला. पट्टी. मग मी ती बेरीज केली, जी महिनाभर टाळली होती. चहा, चौकट, गेट. आणि त्या बेरजेत व्हॅनच्या मागच्या बाकावर बसलेली माझी छकुली आली, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

दुपारी काका लेकरं सोडून आले तसा त्यांच्या घरी गेलो, डिस्क घेऊन. काकू शेंगा फोडत होत्या. सिनेमा लावला आणि जिथं पट्टी होती तिथं थांबवला.

“काका, काय दिसते?”

“म्हातारा दिसते. त्याच्या मिशा दिसतात. पुढं?”

“मान हलवू नका. खाली काही हाय?”

“नाई.”

“आता मान खाली करा. अजून. टीव्हीच्या टेबलाकडं पहा.”

त्यांनी मान खाली केली. ओठ हलले, वाचत होते. मग मान वर. मग पुन्हा खाली. काकूंचा हात शेंगांत थांबला.

“आता म्हातारा कुठं हाय?” मी विचारलं.

त्यांची मान म्हातारा शोधत पुन्हा वर गेली.

“काका, दुर्बिणीतून पाह्यल्यासारखं तुम्हाले मधलं तेवढं दिसून राह्यलं. बाजूचं—”

“चाल, ऊठ,” काका म्हणाले. माझा दंड धरून त्यांनी मला बाहेर रस्त्यावर आणलं. दूर वळणावरून एक एसटी येत होती. मला नुसता लाल ठिपका दिसत होता.

“बुलढाणा-मेहकर,” काका म्हणाले. “पाटीचा डावा कोपरा फुटेल हाय. जवळ येऊ दे.”

बस आली. बुलढाणा-मेहकर. कोपरा फुटलेला.

“एसटीनं वर्षाच्या वर्षाले हे डोळे तपासले. डेपोत एकाचे नसतील असे. अन् आता एक सीडीवाला मले पास-नापास करीन? मले माहीत हाय तुह्या पोटातलं. पोराची कंपनी बंद झाली, आता व्हॅनवर डोळा हाय का तुहा?”

पहिलं अर्धं आरोपपत्र खरंच होतं, त्यामुळं बाकीचं अर्धं नाकारायला तोंड उरलं नाही. मी डिस्क काढून घेतली आणि घरी आलो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. पूनम पोळ्या लाटत होती.

“उद्यापासून छकुलीले मी गाडीवर सोडतो,” मी म्हणालो. “काकाले सांगू, तिले उलट्या होतात व्हॅनमधी.”

“बरं. अन् बाकीचे?”

“बाकीच्यायचे मायबाप हायत.”

“त्यायले माहीत हाय का?”

“मी सांगितलं तर काकाचा धंदा बसते. लोक म्हणतीन, गोकुळनं जळून केलं.”

पूनमनं लाटणं खाली ठेवलं. “तुम्ही लोकायच्या म्हणण्याचा भाव करून राह्यले, अन् समोरच्या सुचिताचा पोरगा खिडकीतून हात बाहेर काढून बसते रोज. जेवा आता.”

तव्यावरची पोळी करपली तरी कोणी उलटली नाही.

सकाळी नेहमीसारखा हॉर्न वाजला. व्हॅन आमच्या दारासमोर लागायची; काका डावीकडं मान वळवून ‘चला बाईसाहेब’ म्हणायचे आणि छकुली पळत जायची. गेल्या काही दिवसांत ते नुसता हॉर्न द्यायचे, मान वळवायचे नाहीत, हे मला त्या क्षणी आठवलं. मी छकुलीचा हात धरला आणि व्हॅनच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी जाऊन उभा राहिलो. काच उतरवलेली होती. हात लांब केला असता तर काकांची बाही धरता आली असती.

“बोलू नको,” मी तिच्या कानात म्हणालो.

काका समोर रस्त्याकडं बघत होते. मागं लेकरांचा गोंधळ. त्यांनी पुन्हा हॉर्न दिला. मग मागं वळून न बघताच विचारलं, “छकुली नाई आली का रे आज?”

मागचा गोंधळ थांबला. लेकरांना वाटलं, आबा गंमत करतात. एकानं खी खी केलं. काकांनी गिअर टाकला.

“आबा, मी इथंच हाय ना,” छकुली म्हणाली.

व्हॅन हातभर पुढं सरकली होती. मी तिला मागं ओढलं. काकांचा पाय ब्रेकवर असा पडला, की मागची दप्तरं बाकांवरून खाली आली.

त्यांनी मान डावीकडं वळवायला सुरुवात केली. हळूहळू. आधी त्यांना मी सापडलो. मग मान खाली आली, आणि छकुली. पुढच्या चाकाजवळ, निळी रिबीन, पाण्याची बाटली गळ्यात. ते तिच्याकडं बघत राहिले. नजर हलवली तर ती पुन्हा नाहीशी होईल, असं काहीसं.

इंजिन बंद झालं.

“उतरा रे पोरंहो,” काका म्हणाले. “आज जीपनं जा. गोकुळकाका नेऊन देतीन.”

“काऊन आबा? पंक्चर झालं का?”

“हाव. पंक्चर.”

लेकरं उतरून चाकं मोजत बसली. चारही भरलेली होती. मी स्टँडवरून जीप आणली. परत आलो तरी काका स्टिअरिंगवरच बसलेले. मला बघून त्यांनी किल्ली काढली आणि खिडकीतून पुढं धरली, माझा हात जिथं होता त्याच्या वीतभर बाजूला. मी हात तिथं नेला.

“गेटावर त्या दिवशी,” ते म्हणाले, “एक पोरगी उभी होती म्हणतात. वॉचमननं ओढली. म्या त्यालेच शिव्या देल्त्या.”

बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं मी आणि काकू त्यांना घेऊन गेलो. तिथं एका पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसवतात. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. काका बसले. बटणाचा आवाज फार वेळा आला नाही. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “आजोबा, दाबायचं विसरताय का?” काका म्हणाले, “दिवा लागला की दाबतो ना, बाई.”

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेकडेनं खात आला, म्हणून समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ. गेलं ते काही केल्या परत येणार नाही. थेंब घालायचे, ऑपरेशन करायचं. उरलंय तेवढं टिकवायचं बघू. शब्द देत नाही. येताना बसमध्ये काका पुढच्या बाकावर बसले आणि ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत आले. काकू मध्ये एकदा म्हणाल्या, “मले सांगायचं व्हतं.” ते म्हणाले, “मलेच कोणं सांगितलं?”

रविवारी फोन आला नाही. मी त्यांच्याकडंच बसून होतो, व्हॅनची किल्ली मुठीत घेऊन. डिस्कचं पाकीट अजून परत गेलं नव्हतं, गोविंदाला मी दोनदा रिकाम्या हातानं परत लावून दिलं होतं. फोनची वेळ टळून गेली. काकू आत-बाहेर करत होत्या. शेवटी काकांनी मोबाइल नाकासमोर आणला, नंबर शोधला आणि स्पीकरवर टाकला.

“हं, बाबा.” थंड आवाज. “बंद केलंय ते. महिनाअखेर थांबेल.”

“ते कंपनीवाल्यायची काई चुकी नाई,” काका म्हणाले. “पट्टी हाय.”

“ठीक आहे.”

“पिवळी हाय. लय मोठी हाय. मले दिसत नाई.”

“म्हणजे?”

मग काकांनी सांगितलं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं, थांब्यामागून थांबा: चौकट, गेट, छकुली, डॉक्टर. मध्ये काकूंना रडू फुटलं तर हातानं गप्प केलं.

“आणि मी तुम्हाला म्हणालो, बघायचंच नसेल तर—”

“ते राहू दे. ते तू बरोबर जोडलं व्हतं तुह्या हिशोबानं. राह्यलेला तुकडा माह्याकडं व्हता.” काका थांबले. “त्या म्हाताऱ्याचं घड्याळ झालं का मंग दुरुस्त?”

“नाही सांगणार.”

“बरं. नको सांगू. ते बंद केलेलं चालू कर. गोकुळ पट्टी वाचून दाखवीन.”

“मी?” मी म्हणालो. “काका, माझं दुकान कोण पाहील?”

“तुह्या दुकानात येते कोण?”

यावर चंद्रशेखर हसला असेल असं मला वाटलं, पण तो हसला नव्हता.

“मी आज रात्रीच्या गाडीनं निघतो,” तो म्हणाला. “बाबा, व्हॅन? व्हॅन कोण चालवतंय?”

व्हॅनसाठी मी चिखलीचा एक पोरगा बघून ठेवला होता, पण काका अजून हो म्हणाले नव्हते. रोज सकाळी ते ओट्यावर येऊन झाकलेल्या व्हॅनपाशी उभे राहायचे, हे मी दुकानात जाता जाता पाहायचो. आता त्यांनी मान माझ्याकडं वळवली. आधी माझा चेहरा सापडला. मग मान खाली केली, अजून खाली, माझ्या मांडीपर्यंत, आणि माझ्या मुठीतली किल्ली दिसेपर्यंत तिथंच ठेवली.

“कोणी नाई,” ते म्हणाले. “किल्ली गोकुळजवळ हाय. म्या पाह्यली.”